लेखनिक कोणी शोधायचा?

१९९९ साली मी नववीत होते आणि माझे अक्षर वर्गात सर्वांत वळणदार समजले जात असे. एवढ्या एका कारणाने फेब्रुवारीतल्या एका दुपारी मुख्याध्यापकांनी मला कार्यालयात बोलावले. तिथे दहावीच्या वर्गातला एक अंध विद्यार्थी आणि त्याचे वडील बसले होते. वडिलांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती, आणि मी चौदा वर्षांची मुलगी आत येताच ते उठून उभे राहिले. त्यांच्या मुलाच्या बोर्डाच्या परीक्षेसाठी लेखनिक, म्हणजे तो सांगेल ते उत्तरपत्रिकेत लिहिणारा, हवा होता. लेखनिक परीक्षार्थ्यापेक्षा खालच्या इयत्तेतला असावा असा नियम असल्यामुळे दिवाळीपासून ते नववीतल्या मुलांची घरे पालथी घालत होते. कोणाच्या आईला वाटले की मुलाचा स्वतःचा अभ्यास बुडेल, कोणाच्या वडिलांना वाटले की काही चुकले तर बोर्डाची चौकशी मागे लागेल. एका घरी तर होकार मिळून आठवड्याने नकार आला होता. हे सगळे मला त्या दिवशी कोणी सांगितले नाही. सरावाला बसू लागल्यावर दादाने ते हळूहळू सांगितले. तो माझ्यापेक्षा एका वर्षाने पुढे आणि वयाने तीन वर्षांनी मोठा असल्यामुळे मी त्याला दादा म्हणत असे.

सातवीपर्यंत तो जिल्ह्याच्या ठिकाणी अंध मुलांच्या निवासी शाळेत शिकला होता आणि आठवीपासून आमच्या शाळेत येत होता. त्याच्याकडे ब्रेलची पाटी आणि लाकडी मुठीची लहानशी सुई होती. जाड कागदावर सुईने ठिपके टोचताना तो उजवीकडून डावीकडे जाई, आणि मग कागद उलटून डावीकडून उजवीकडे बोटांनी वाची. एका अक्षरासाठी सहाच ठिपक्यांची जागा असते आणि त्या सहांमध्ये सगळी बाराखडी कशी मावते, हे त्याने मला माझ्याच बोटांवर मोजून दाखवले. त्यातली एक गोष्ट मला फार आवडली होती. आपण देवनागरीत ‘कि’ लिहिताना वेलांटी क च्या आधी काढतो, पण उच्चार मात्र आधी क चा आणि मग इ चा असतो. ब्रेलमध्ये तो जसा उच्चारला जातो तसाच, आधी क आणि मग इ, असा लिहिला जातो. ‘तुमच्यापेक्षा आमचे मराठी सरळ आहे,’ असे तो अभिमानाने म्हणे.

परीक्षेच्या वेळी आम्हाला प्रयोगशाळेत बसवले होते. खोलीत आम्ही दोघे आणि एक पर्यवेक्षक, बाकी टेबलावर उपड्या ठेवलेल्या चंचुपात्रांच्या रांगा. मराठीचा पेपर हातात आल्यावर मी तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. दादाने टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली होती. वाचून झाल्यावर तो म्हणाला, ‘आता पुन्हा वाच, पण फक्त प्रश्नाचा क्रमांक आणि गुण.’ त्याने बोटांवर हिशोब केला, कोणता प्रश्न आधी ते ठरवले आणि सांगायला सुरुवात केली. तेव्हा जे माझ्या लक्षात आले ते पुढे कुठल्याही प्रशिक्षणात मला कोणी शिकवले नाही. डोळस मुलगा लिहिता लिहिता विचार करतो, वाक्य फसले तर वर पाहतो, खोडतो आणि पुढे जातो. दादाला मात्र संपूर्ण वाक्य आधी मनात जुळवावे लागे, त्याचा पूर्वार्ध मी लिहीत असेपर्यंत उत्तरार्ध धरून ठेवावा लागे, आणि माझा हात थांबल्याची चाहूल लागली की मगच तो सोडावा लागे. निबंधाच्या मध्यावर त्याने विचारले, ‘किती पाने झाली? माझ्या मनात अडीच झाली आहेत.’ माझी अडीचच झाली होती.

एकदा त्याने ‘परिस्थिती’ हा शब्द सांगितला आणि तो लगेच थांबला. ‘कसा लिहिलास?’ मी सांगितले. ‘शेवटची वेलांटी दुसरी हवी, आधीच्या दोन्ही पहिल्या. तू उलटे केलेस,’ तो म्हणाला. उत्तरपत्रिकेत अक्षर माझे, शुद्धलेखन माझे, आणि त्या चुकीचे गुण मात्र त्याचे कापले जाणार होते. ब्रेलमध्ये तो शब्द त्याने बोटांनी शेकडो वेळा वाचला होता म्हणून त्याला ती चूक पकडता आली. ज्याने भाषा केवळ कानांनी ऐकली आहे त्याला ऱ्हस्व-दीर्घ कुठून कळणार? हल्ली ध्वनिमुद्रित पुस्तके आणि मोबाइलमधले मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे वाचक आल्यामुळे ब्रेल शिकवण्याची गरज उरली नाही असे म्हणणारे मला भेटतात, तेव्हा मला प्रयोगशाळेतली ती दुसरी वेलांटी आठवते. ऐकण्याची साधने हवीतच, ती फार मोठी सोय आहे. पण ऐकणे म्हणजे साक्षर होणे नव्हे, आणि डोळस मुलांना आपण पुस्तकाऐवजी नुसते ध्वनिमुद्रण कधीच देणार नाही.

उत्तरपत्रिकेवर परीक्षार्थ्याची सही लागते. दादाने खिशातून पुठ्ठ्याचा तुकडा काढला, त्याला मधोमध एक लांबट खाच होती. मी ती खाच योग्य जागी धरली आणि त्याने तिच्या आत पेनाने आपले नाव लिहिले. सगळ्या पेपरांमध्ये त्याच्या हातचे तेवढेच अक्षर होते.

पुढे डीएड करून मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाले. नोकरीच्या पाचव्या-सहाव्या वर्षी तालुक्याला एका प्रशिक्षणात १९९५ चा अपंग व्यक्तींविषयीचा कायदा आम्हाला कलमवार समजावून सांगितला गेला. त्याचे ३१ वे कलम ऐकताना माझी टिपणे थांबली. अंध आणि अल्पदृष्टी विद्यार्थ्यांना लेखनिक पुरवणे ही शिक्षणसंस्थेची जबाबदारी आहे, असे ते कलम सांगत होते. हा कायदा फेब्रुवारी १९९६ मध्ये लागू झाला होता. म्हणजे ते वडील टोपी हातात घेऊन दारोदार फिरत होते तेव्हा कायदा तीन वर्षांचा झाला होता आणि लेखनिक शोधण्याचे काम शाळेचे होते. आमच्या शाळेला हे ठाऊक नव्हते, त्यांनाही नव्हते, आणि एका चौदा वर्षांच्या मुलीने होकार दिला म्हणून त्यांनी तिचे उपकार मानले होते. निकालानंतर ते आमच्या घरी पेढे आणि एक साडीचे पातळ घेऊन आले होते. ते पातळ माझ्या आईने घ्यायला नको होते असे मला त्या प्रशिक्षणाच्या खोलीत पहिल्यांदा वाटले.

त्यानंतर कायदे आणखी चांगले झाले. २००९ चा शिक्षणहक्क कायदा आला, २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र आणि बहुविध अपंगत्व असलेल्या मुलाला घरी राहून शिकण्याचा पर्याय मिळाला, आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीसवर नेले. अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, थॅलेसेमिया अशी मुले त्यात आली. सहा ते अठरा वर्षांच्या, चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. दर पाच वर्षांनी अशा मुलांचे सर्वेक्षण करून त्यांना शोधून काढणेही त्या कायद्याने शासनावर टाकले आहे. शोधण्याचे काम कोणाचे, याचे उत्तर कागदावर इतके स्पष्ट आहे.

त्या कागदापासून वर्गापर्यंतचे अंतर मी माझ्या एका विद्यार्थिनीमुळे मोजू शकले. पहिलीत दाखल झाली तेव्हा तिचे केस आणि पापण्या जवळजवळ पांढऱ्या होत्या, आणि बुबुळे सतत बारीक हलत असत. गावात तिला लोक ‘गोरी’ म्हणत आणि त्यात कौतुकही होते. तिच्या शरीरात रंगद्रव्य जन्मतःच फार कमी होते आणि त्यामुळे दृष्टीही अधू होती, हे घरात कोणी ओळखले नव्हते. आजी मला म्हणाली, ‘बाई, तिला समदं दिसतंय, पन उन्हात डोळं मिटून घेती.’ पाटीवर ती नाक टेकवून लिहायची. मी तिला नियमाप्रमाणे पहिल्या बाकावर बसवले आणि आपण योग्य तेच केले असे समजून दोन महिने काढले. त्या दोन महिन्यांत तिने फळ्यावरचे एकही अक्षर वाचले नव्हते.

त्या काळी आमच्या भागात एक विशेष शिक्षक दर बुधवारी यायचे. त्यांच्याकडे बावीस शाळा होत्या आणि नेमणूक कंत्राटी होती. त्यांनी वर्गात आल्यावर मुलीकडे पाहण्याआधी खिडक्यांकडे पाहिले. पहिला बाक पूर्वेच्या खिडकीसमोर होता आणि सकाळचे ऊन थेट तिच्या डोळ्यांवर येत होते. फळा जुना, पांढुरका झालेला, त्यावर तिरप्या प्रकाशाची चकाकी. त्यांनी तिला खिडकीकडे पाठ करून दुसऱ्या बाजूला बसवले, फळ्याला नवा काळा रंग द्यायला सांगितले, बाकावर उतरती फळी ठेवून वही डोळ्यांच्या जवळ आणली म्हणजे तिची मान मोडणार नाही अशी सोय केली, आणि काळ्या स्केचपेनाने ठळक ओळी आखलेली एक वही दिली. मला त्यांनी सांगितले की फळ्यावर लिहिताना प्रत्येक शब्द मोठ्याने उच्चारत लिहा. या सगळ्याला फळ्याच्या रंगाखेरीज काही खर्च आला नाही. तिसऱ्या बुधवारी तिने फळ्यावरून ‘कमळ’ वाचले. वाचून ती माझ्याकडे पाहायला वळली नाही, तर पुढचा शब्द वाचू लागली.

तिच्यासाठी मोठ्या टायपातील पुस्तके मंजूर झाली, आणि विशेष गरजा असणाऱ्या मुलींना समग्र शिक्षा योजनेतून मिळणारा दरमहा दोनशे रुपयांचा प्रोत्साहन भत्ताही. पण त्यासाठी अपंगत्वाचे प्रमाणपत्र हवे होते. वडील दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर रोजंदारीने होते. तपासणीचा वार ठरलेला, दवाखाना साठ किलोमीटरवर. पहिल्या खेपेला नेत्रतज्ज्ञ रजेवर होते, दुसऱ्या खेपेला आधार कार्डावरील जन्मतारीख आणि शाळेच्या दाखल्यावरील जन्मतारीख जुळेना, तिसऱ्या खेपेला तपासणी झाली आणि ओळखपत्र हाती यायला पुढे आणखी काही महिने गेले. तीन दिवसांची मजुरी आणि एसटीचे भाडे यांत दोनशे रुपयांचे कितीतरी महिने आधीच खर्ची पडले. दुसऱ्या खेपेनंतर वडील मला म्हणाले, ‘ऱ्हाऊ द्या बाई, तुमी शिकवताय तेवढं बास हाय.’ तिसऱ्या खेपेला मी रजा टाकून सोबत गेले. माझ्या सोबत जाण्याने काम झाले याचे समाधान मला नाही. शिक्षिका सोबत नसलेल्या बापाचे काम का होत नाही, हा माझा प्रश्न आहे.

उतारांबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्याविषयी बोलताना माझा आवाज चढतो. चाकाची खुर्ची स्वतःच्या हातांनी ढकलत वर जायची तर एक फूट उंचीला बारा फूट लांबीचा उतार लागतो. आमचा व्हरांडा दीड फूट उंच आहे, म्हणजे अठरा फूट हवे. बांधलेला उतार सहा फुटांचा आहे. पावसाळ्यात त्यावरून धडधाकट मुलेही घसरतात. तपासणीच्या तक्त्यात मात्र ‘रॅम्प आहे’ या रकान्यात दरवर्षी ‘होय’ लिहिले जाते, आणि काही वर्षे ते मीही लिहिले आहे. आता मी ‘होय’ च्या पुढे लांबी आणि उंची लिहिते.

त्याच गावात सर्वेक्षणाचा फॉर्म घेऊन फिरताना एका घरी मला सांगण्यात आले की घरात दोनच मुले आहेत. चुलीपाशी मात्र तीन लहान ताटल्या पालथ्या घातलेल्या होत्या. मी काही बोलले नाही, पाणी मागितले आणि बसून राहिले. थोड्या वेळाने आईच आत घेऊन गेली. आतल्या खोलीत गोधडीवर नऊ वर्षांचा मुलगा होता, मेंदूच्या पक्षाघाताने हातपाय ताठलेले, मान एका बाजूला, आणि डोळे मात्र माझ्या हातातल्या फॉर्मवर खिळलेले. तो लाजेने लपवला होता असे मी म्हणणार नाही. आईने त्याला न्हाऊ घातले होते, त्याचे केस विंचरलेले होते. शाळेचा त्याच्याशी काही संबंध असू शकतो हे तिला नऊ वर्षांत कोणी सांगितले नव्हते. त्याचे नाव पटावर आले, गृहाधिष्ठित शिक्षणाखाली. बुधवारचे सर आमच्या शाळेनंतर त्याच्या घरी जाऊ लागले. त्यांनी दोन चित्रे समोर धरून डोळ्यांनी ‘हे की ते’ सांगायला त्याला शिकवले, मग चित्रांच्या जागी शब्द आणले. ‘आई’ आणि ‘पाणी’ यांतला ‘पाणी’ त्याने डोळ्यांनी निवडला तेव्हा आई पाणी आणायला उठली, आणि अर्ध्यावर थांबून रडली.

मग एका जून महिन्यात बुधवारचे सर आले नाहीत. कंत्राटाच्या नूतनीकरणात त्यांची बदली दुसऱ्या तालुक्यात झाली होती आणि त्यांच्या जागी कोणी यायला दीड वर्ष गेले. दीड वर्ष म्हणजे त्या मुलासाठी काय, हे कोणत्याही तक्त्यात दिसत नाही, कारण पटावर त्याचे नाव होतेच. मी रविवारी जाऊन जमेल ते केले. मला ते नीट जमले नाही, कारण ती विद्या आहे, नुसती माया असून भागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर दहा विशेष मुलांमागे एक आणि पुढच्या स्तरावर पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण सांगितले. बावीस शाळांमागे एक सर आणि तेही वर्षाच्या कराराने, असे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या आकड्यांचे मोल कळेल. विशेष शिक्षकाला कायम नेमणूक द्यावी या मागणीकडे नोकरीची मागणी म्हणून पाहिले जाते. माझ्या दृष्टीने तो मुलाचा प्रश्न आहे, कारण ज्या मुलाला डोळ्यांच्या एका हालचालीने बोलायचे असते त्याचे बोलणे समजणारे माणूस दरवर्षी बदलून चालत नाही.

आणखी एक गोष्ट मला नेहमी खटकत आली आहे. आपल्याकडे विशेष शाळा बहुतेक स्वयंसेवी संस्था चालवतात आणि त्यांचा कारभार वर्षानुवर्षे समाजकल्याण खात्याकडे राहिला, तर आमच्या शाळा शिक्षण खात्याकडे. २०२२ मध्ये महाराष्ट्रात दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग झाला, हे चांगलेच झाले. तरीही अंध मुलाचे गणित ही शिक्षणाची बाब न समजता कल्याणाची समजली गेली, याची सवय आम्हा शिक्षकांच्या अंगात फार खोल मुरली आहे. दादाला विशेष शाळेतून आमच्या शाळेत पाठवताना त्याच्याबरोबर एक दाखला आला होता. तो कसा शिकतो, त्याला काय लागते, याविषयी एक ओळही आली नव्हती.

लेखनिकाच्या बाबतीत मधल्या काळात बरेच बदलले. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी परीक्षार्थ्याला स्वतःचा लेखनिक आणण्याची किंवा परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडे मागण्याची आणि दोन दिवस आधी त्याला भेटण्याची मुभा दिली, आणि ताशी किमान वीस मिनिटांचा वाढीव वेळही दिला. २०२१ मध्ये विकासकुमार यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढचे पाऊल टाकले. लिहिताना हाताला आकडी येणाऱ्या त्या उमेदवाराला चाळीस टक्क्यांचे प्रमाणपत्र नाही म्हणून लेखनिक नाकारण्यात आला होता. ज्याला खरोखर लिहिता येत नाही त्याला टक्केवारीच्या आधारे लेखनिक नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. तो निकाल मी वर्तमानपत्रात वाचला तेव्हा मला दादाला फोन करावासा वाटला, पण त्याचा नंबर माझ्याकडे नव्हता. तो एका बँकेत नोकरीला आहे एवढेच गावाकडून कळले आहे.

गेल्या वर्षी माझी ती विद्यार्थिनी चौथी पास झाली आणि पाचवीसाठी चार किलोमीटरवरच्या हायस्कुलात गेली. दाखल्याबरोबर मी एक पान लिहून दिले. खिडकीकडे तिची पाठ असावी. फळ्यावर लिहिताना शब्द उच्चारावेत. उतरती फळी तिच्या दप्तराबरोबर आहे, ती बाकावर ठेवू द्यावी. खेळाच्या तासाला मैदानावर टोपी आणि गडद चष्मा घालण्याची परवानगी असावी. चाचणीची प्रश्नपत्रिका मोठ्या अक्षरांत द्यावी आणि तासाला वीस मिनिटे जास्त द्यावीत. अंकगणितात तिला आठ आणि तीन यांत गोंधळ होतो तो दृष्टीमुळे, गणितामुळे नव्हे. पानाच्या तळाशी मी माझा फोन नंबर लिहिला, आणि पान बाजूला ठेवून दिले जाईल अशीच माझी समजूत होती.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात संध्याकाळी फोन आला. तिकडच्या वर्गशिक्षिका होत्या, आवाजावरून तरुण वाटल्या. त्यांनी पान समोर ठेवले होते. ‘बाई, आमच्या वर्गाला दोन्ही बाजूंनी खिडक्या आहेत,’ त्या म्हणाल्या, ‘सकाळी एका बाजूने ऊन येते आणि दुपारी दुसऱ्या. मी तिला मधल्या सुट्टीनंतर जागा बदलायला सांगितले तर चालेल का, की रोज उठवलेले तिला आवडणार नाही?’ मी म्हटले, ते तिलाच विचारा. पलीकडे त्यांनी तिला हाक मारलेली मला ऐकू आली. शाळा सुटून गेली होती, तरी ती अजून तिथेच होती. थोडा वेळ दोघींचे बोलणे अस्पष्ट येत राहिले आणि मग त्या बाई पुन्हा फोनवर आल्या. ‘ती म्हणते, बदलेन, पण मैत्रिणीलाही बरोबर हलवा.’